दीड पॉइंट: व्हीलचेअर रग्बीच्या क्लासिफिकेशनमधून जाताना

व्हीलचेअर रग्बीच्या सरावाला नवं कुणी आलं की नावानंतरचा दुसरा प्रश्न ठरलेला असतो: "किती पॉइंट?" अपघात कसा झाला, कधी झाला, हे कुणी विचारत नाही. पॉइंट मात्र लगेच विचारतात. पॉइंट म्हणजे खेळाडूचा क्लास. ०.५ पासून ३.५ पर्यंत, अर्ध्या-अर्ध्याच्या फरकाने असे सात क्लास आहेत. ज्याच्या हातांत आणि धडात सगळ्यांत कमी ताकद तो ०.५, सगळ्यांत जास्त तो ३.५. कोर्टावर एका संघाचे चौघं असतात आणि त्या चौघांची बेरीज आठच्या वर जाता कामा नये. स्त्री-पुरुष एकाच संघात खेळतात, आणि कोर्टावरच्या प्रत्येक बाईमागे संघाला अर्धा पॉइंट जास्त मिळतो.

माझा क्लास दीड. या वर्षी मार्चमध्ये त्यापुढे 'कन्फर्म्ड' असा शेरा लागला. तिथवर पोचायला दोन वर्षांहून जास्त काळ गेला आणि त्यातला बराचसा वेळ कागद आणि वाट पाहणं यांत गेला. मला तेव्हा जे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, ते इथे लिहिते आहे.

२०२१ च्या मे महिन्यात गाडीच्या अपघातात मानेत मार बसला. दुखापत सी-६ म्हणजे मानेतल्या सहाव्या पातळीची, अपूर्ण. अपूर्ण म्हणजे मज्जारज्जूचे सगळे धागे तुटलेले नाहीत, पण कुठले राहिले हे नशिबावर. माझ्या उजव्या हाताकडे जरा जास्त राहिले. दोन्ही मनगटं वर उचलता येतात, बोटं जवळजवळ नाहीतच. उजवा कोपर ताकदीने सरळ होतो, डावा कसाबसा. छातीखाली पोटाचे-पाठीचे स्नायू काम करत नाहीत, त्यामुळे आधार सोडला की मी पुढे कोसळते.

पुनर्वसन केंद्रात पहिले कित्येक महिने उजव्या ट्रायसेप्सवरच, म्हणजे कोपर सरळ करणाऱ्या स्नायूवरच गेले. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध कोपर पहिल्यांदा पूर्ण सरळ झाला तेव्हा फिजिओ मॅडमनी टाळ्या वाजवल्या आणि शेजारच्या दोन खाटांवरच्या पेशंटनीही ज्याला जमेल तशा वाजवल्या. तिथे प्रत्येक स्नायूला ० ते ५ असा दर्जा देतात आणि सगळी धडपड तो आकडा वर नेण्यासाठी असते. हे लक्षात ठेवा, पुढे याचंच सगळं उलटं वाटायला लागतं.

खेळ मी तिथेच पाहिला, एका पेशंटच्या मोबाइलवर. २०१६ च्या रिओ पॅरालिम्पिकची फायनल होती, ऑस्ट्रेलिया विरुद्ध अमेरिका. दोनदा जादा वेळ देऊन ५९-५८ असा निकाल लागला. सगळ्यांची नजर राइली बॅटवर असते, माझीही होती. तो ३.५ चा, बॉल घेऊन गर्दीतून सुसाट निघतो. पण मोबाइलचा मालक सारखा बोट दाखवून म्हणायचा, "त्याला नको बघूस. त्याच्यापुढे वाट मोकळी कोण करतंय ते बघ." वाट मोकळी करणारे एक-दीडचे खेळाडू होते. माझ्यासारख्या हातांचे.

पहिला सराव २०२३ च्या जानेवारीत. उसनी खुर्ची, उसने ग्लोव्ह्ज. रोजच्या खुर्चीत आणि या खुर्चीत काहीच साम्य नाही. चाकं खाली फाकलेली, आऱ्यांवर घट्ट चकत्या, मागे उलटू नये म्हणून छोटी चाकं. लो-पॉइंटरच्या, म्हणजे कमी पॉइंटवाल्या खेळाडूच्या खुर्चीला पुढे लांब जाळीसारखा बंपर असतो, तो दुसऱ्याच्या खुर्चीत अडकवून त्याला जागीच धरून ठेवायचं. हाय-पॉइंटरची खुर्ची आखूड आणि गोलसर, कुणाला अडकवता येऊ नये अशी. पाय, मांड्या आणि पोट पट्ट्यांनी आवळून बांधतात. पोटाची पट्टी ओढल्यावर मी अपघातानंतर पहिल्यांदा दोन्ही हात सोडून ताठ बसले. रग्बीबद्दल मला पहिल्यांदा प्रेम वाटलं ते या पट्टीमुळे, बॉल तोवर हातातही आला नव्हता.

नियम थोडक्यात. बास्केटबॉलचंच कोर्ट, २८ बाय १५ मीटर. बॉल व्हॉलीबॉलसारखा गोल. आठ-आठ मिनिटांचे चार क्वार्टर. बॉल ताब्यात असताना दोन चाकं गोल-लाइनच्या पार गेली की गोल. दर दहा सेकंदांत बॉल टप्पा मारायचा किंवा पास करायचा, बारा सेकंदांत अर्धं कोर्ट ओलांडायचं, चाळीस सेकंदांत गोल करायचा. खुर्चीने खुर्चीला धडक देणं हा खेळच आहे, अंगाला हात लावणं फाउल. मागच्या चाकाच्या मागे धडकून कुणाला गरकन फिरवलं तरी फाउल. १९७० च्या दशकात कॅनडातल्या विनिपेगमध्ये हातापायांनी अधू असलेल्या काही जणांनी हा खेळ काढला, कारण व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये हात कमजोर असणाऱ्यांच्या वाट्याला बाकच येत असे. तेव्हा त्याचं नाव 'मर्डरबॉल' होतं. २००० च्या सिडनी पॅरालिम्पिकपासून तो पदकाचा खेळ आहे.

धडका बसतात तेवढ्या लागत नाहीत. उलटलात तर बाहेरचे लोक येऊन खुर्चीसकट उभं करतात आणि खेळ पुढे चालू होतो. खरा त्रास उष्णतेचा. मानेच्या दुखापतीनंतर दुखापतीच्या खाली घाम येत नाही, त्यामुळे शरीर तापतं आणि तापतच राहतं. पाण्याचा स्प्रे जवळ ठेवा, टाइम-आउट झाला की तोंडावर, मानेवर, हातांवर मारा. सुरुवातीला मला हे शोभेचं वाटायचं. एकदा चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आल्यावर वाटेनासं झालं. आणि सराव संपल्यावर रोज आरशाने बसायची जागा तपासा. कडक सीट आणि घट्ट पट्ट्या यांत कातडी कधी सोलवटते ते कळत नाही, कारण तिथे जाणीवच नसते. एका जखमेपायी काही महिने आडवं पडावं लागलेले खेळाडू प्रत्येक संघात भेटतील.

देशांतर्गत स्पर्धेसाठी मला तात्पुरता क्लास मिळाला, १.०. एका फिजिओने अर्ध्या तासात हात पाहिले आणि आकडा लिहिला. कोच सरांनी त्यावर गणित मांडलं: ३.५, २.५, १ आणि मी १, बेरीज आठ. माझं काम बचावात 'की' म्हणजे गोलसमोरची जागा अडवणं आणि हल्ल्यात त्यांच्या मोठ्या खेळाडूला बंपरमध्ये अडकवणं. मला ते फार आवडलं. पूर्ण सामन्यात बॉलला तीनदा हात लागतो, पण समोरचा ३.५ तुमच्या जाळ्यात अडकून शिव्या देत असतो.

आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झाली तेव्हा मात्र हा आकडा कामाचा नव्हता. आंतरराष्ट्रीय क्लास आंतरराष्ट्रीय पॅनेलच देतं, आणि ते स्पर्धेच्या ठिकाणी, स्पर्धा सुरू होण्याच्या आधी. तोवर तुमच्या नावापुढे 'एन' म्हणजे नवीन.

कागदांची सुरुवात मेडिकल डायग्नोस्टिक्स फॉर्मने होते. हा डॉक्टरांनी इंग्रजीत भरून सही-शिक्का द्यायचा. त्यात निदान, दुखापतीची पातळी, ती कायमची आहे का, आधी झालेल्या शस्त्रक्रिया, चालू औषधं. सोबत एमआरआयचा अहवाल आणि मज्जारज्जूच्या दुखापतीसाठी जी ठरावीक तपासणी असते तिचा तक्ता. हा तक्ता जुना असला तर नवा करून घ्या. माझा पहिला फॉर्म परत आला, कारण डॉक्टरांनी निदानाच्या रकान्यात फक्त 'क्वाड्रिप्लेजिया' (चारही हातपायांचा लकवा) लिहिलं होतं. तो परिणाम झाला, कारण नव्हे. पॅनेलला मुळात कुठली आरोग्यस्थिती आहे हे आधी लागतं, त्यातून कुठली कमतरता आली हे नंतर. डॉक्टर ओपीडीच्या गर्दीत असतात, तेव्हा फॉर्मबरोबर आपण पेन्सिलने भरलेली एक प्रत न्या. दुसऱ्या खेपेला मी तसं केलं आणि काम दहा मिनिटांत झालं.

सगळं राष्ट्रीय संघटनेमार्फतच जातं, खेळाडूने थेट काही पाठवायचं नसतं. फॉर्म नोव्हेंबरमध्ये गेला आणि फेब्रुवारीपर्यंत काहीच कळलं नाही. विचारलं की उत्तर यायचं, "आला की कळवू." एका संध्याकाळी नुसती वेळ आली: अमुक दिवस, सकाळी नऊ चाळीस. अभिनंदन नाही की सूचना नाही.

औषधांचंही याच काळात मार्गी लावा. प्रत्येक गोळी बंदी असलेल्या यादीशी ताडून पाहायची, सर्दीच्या औषधापासून. यादीतलं औषध खरंच घ्यावं लागत असेल तर उपचारासाठीची सूट आधी मागावी लागते. आणि कॅथेटर म्हणजे लघवीची नळी वापरत असाल तर उत्तेजक चाचणीच्या वेळी आपलाच, सीलबंद, जवळ असू द्या.

खर्चाचं म्हणाल तर फॉर्मला फारसे पैसे लागत नाहीत, त्याच्या आजूबाजूला लागतात. क्लासिफिकेशन स्पर्धेच्या आधी असल्यामुळे दोन रात्री जास्त राहावं लागतं, आणि माझ्यासारखीला मदतनीसही लागतो, म्हणजे तो खर्च दुप्पट. विमानात दोन व्हीलचेअर न्यायच्या, रोजची आणि खेळाची. टायर-ट्यूब आणि ग्लोव्ह्ज महिन्याच्या किराण्यासारखे संपतात. सगळ्यांत मोठा खर्च स्वतःच्या मापाच्या खुर्चीचा, आणि माझं प्रामाणिक मत आहे की क्लास नक्की होईपर्यंत ती मागवू नये. एकची खुर्ची आणि अडीचची खुर्ची यांत उंचीपासून बंपरपर्यंत सगळं बदलतं.

जायच्या आधी एका जुन्या खेळाडूने हळूच सांगितलं, "बेंचवरच्या तपासणीत जरा कमी जोर लाव. एकवर राहिलीस तर संघाला बरं." वाईट माणूस नव्हता, काळजीनेच बोलला. मी रात्रभर त्यावर विचार केला. ज्या कोपरासाठी वॉर्डात टाळ्या वाजल्या तो कोपर आता लपवायचा? नियमाचा भाग वेगळाच: मुद्दाम क्षमता लपवणं हा गुन्हा धरतात आणि त्याला वर्षानुवर्षांची बंदी आहे. शिवाय ते लपतही नाही. स्नायू खरोखर कमजोर असला की हात एका विशिष्ट पद्धतीने सुटतो, जोर रोखला की वेगळ्या. ज्यांनी आयुष्यभर हेच केलं आहे त्यांच्या हाताला ते कळतं. आणि नंतर ते सामन्यातही बघतात.

पॅनेलमध्ये तिघं होते. आधी संमतीपत्रावर सही, व्हिडिओ घ्यायला परवानगी, ओळखपत्र. खेळाडूबरोबर एक प्रतिनिधी बसू शकतो. दुभाषाही चालतो, भाषेची भीती वाटत असेल तर तो मागा. मला आमच्या फिजिओ मॅडम सोबत हव्या होत्या आणि त्या आल्या. बायकांसाठी एक सांगते: स्लीव्हलेस बनियन घाला, खांदे आणि दंड उघडे लागतात. कुठे हात लावणार ते प्रत्येक वेळी आधी सांगत होते. अवघडल्यासारखं वाटलं तर थांबायला सांगता येतं.

पहिली बेंच टेस्ट. तक्त्यावर बसवून आणि आडवं करून खांदा, कोपर, मनगट, बोटं, एकेक स्नायू. "धरून ठेव, मी ढकलते." उजवा ट्रायसेप्स आला तेव्हा मी सगळा जीव लावला. ती बाई काही बोलली नाही, आकडा लिहिला आणि डाव्याकडे वळली. डाव्याचं तिने तीन वेगवेगळ्या स्थितींत पाहिलं. मध्येच पायांना झटके यायला लागले, तेव्हा सगळे थांबले आणि शांत झाल्यावर तो भाग पुन्हा केला. मग धड. आधाराशिवाय बसा, दोन्ही हात वर, पुढे वाका, हात न टेकवता वर या. मी पुढे गेले ती गेलेच. समोरच्याने धरलं. धडाला शून्य. इतक्या लोकांसमोर असं कोसळणं हा परीक्षेचाच भाग आहे हे ठाऊक असूनही घशात काहीतरी अडकलं होतं.

थोड्या विश्रांतीनंतर खुर्चीवरची टेस्ट. पट्ट्या, ग्लोव्ह्ज, टेप, सगळं सामन्यात जसं असतं अगदी तसंच न्यायचं. सरळ ढकला, थांबा, डावीकडे वळा, उजवीकडे वळा. जमिनीवरचा बॉल चाकाला दाबून वर घ्या. छातीवरून पास, एका हाताने पास, टप्पा. मी डावीकडे वळताना उजव्या हाताचा किती वापर करते हे मला स्वतःला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

गणित असं असतं: प्रत्येक हाताला वेगळा आकडा, दोघांची सरासरी, त्यात धडाचा आकडा. माझा उजवा २, डावा १, सरासरी दीड. धड शून्य. दीड.

पण तोही अंतिम नव्हता. पहिल्या सामन्यात पॅनेल कोर्टाच्या कडेला बसलं. खोलीत जे दिसलं तेच खेळताना दिसतं का, हे ताडून पाहतात. त्या सामन्यात मी काय खेळले ते मला आठवत नाही. तिघांचे चष्मे आणि मांडीवरचे कागद तेवढे आठवतात. संध्याकाळी यादी लागली: १.५, स्थिती 'रिव्ह्यू', म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा पाहणार. क्लास चुकीचा वाटला तर हरकत घेता येते. ती राष्ट्रीय संघटनेनेच, ठरलेल्या मुदतीत, शुल्क भरून घ्यायची. मग वेगळं पॅनेल तपासतं आणि हरकत मान्य झाली तर शुल्क परत मिळतं. माझ्यासाठी ती घेण्याचं कारण नव्हतं. आकडा बरोबर होता.

तरी त्या रात्री मी रडले. कोच सरांची बेरीज आता साडेआठ होत होती. सकाळी नाश्त्याला ते समोर येऊन बसले आणि म्हणाले, "अगं, तू बाई आहेस ना? साडेआठ चालतात. तेच चौघं, तीच रांग, तू कोर्टावर असताना." मी इतके दिवस तो नियम दुसऱ्यांना समजावून सांगत होते आणि स्वतःला लावून पाहिला नव्हता.

बरं वाटलं आणि नाहीही वाटलं. मी खेळते म्हणून संघात आहे की अर्ध्या पॉइंटसाठी? हा प्रश्न बाईने या खेळात कधी ना कधी स्वतःला विचारलेला असतो. मी त्यातून कशी बाहेर आले तर कायली ग्राइम्सचे सामने पाहून. ०.५ क्लासची खेळाडू, टोकियो पॅरालिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या ब्रिटनच्या संघातली एकमेव बाई. फायनलमध्ये त्यांनी अमेरिकेला ५४-४९ असं हरवलं. तिला बघा, ती कुठे उभी राहते ते बघा. अर्धा पॉइंट संघाला कागदावर मिळतो. जागा अडवायची ती खुर्ची घेऊन तिथे वेळेवर पोचावंच लागतं.

दुसरं क्लासिफिकेशन या मार्चमध्ये झालं. तेच सगळं, फक्त भीती कमी. निकाल तोच, पुढे 'सी' म्हणजे 'कन्फर्म्ड'. आता ठरावीक काळाने पुन्हा बोलावणार नाहीत, आणि मी खुर्चीची ऑर्डर दिली. मापं घ्यायला अख्खी दुपार गेली. सीट किती मागे उतरती हवी याच्यावर सगळ्यांत जास्त वाद झाला. धड नसलेल्याला मागे खोल बसलं की बॅलन्स मिळतो, पण मग जमिनीवरचा बॉल लांब जातो. मी खोल बसायचं निवडलं. बॉल उचलणारे दुसरे आहेत.

'कन्फर्म्ड' म्हणजे कायमचा असं मात्र समजू नका. शरीरात मोठा बदल झाला, शस्त्रक्रिया झाली, तर राष्ट्रीय संघटनेने मेडिकल रिव्ह्यूसाठी कळवावंच लागतं. माझ्या डाव्या हातासाठी सर्जन टेंडन ट्रान्सफर सुचवत आहेत: चांगला चालणारा एक स्नायू घेऊन ट्रायसेप्सच्या जागी जोडायचा. हात कित्येक आठवडे पट्टीत, मग पुन्हा पहिल्यापासून फिजिओ. जमलं तर खाटेवरून खुर्चीत जाताना कुणी लागणार नाही. आणि जमलं तर कदाचित दोन पॉइंट, म्हणजे बेरीज नऊ, पुन्हा मर्यादेच्या वर.

कोच सरांना विचारलं. त्यांनी वहीतून मान वर न करता सांगितलं, "तू ऑपरेशन करून घे, रांग मी बघतो." जुलैमध्ये सर्जनची वेळ घेतली आहे. या हंगामात उरलेले सामने उसन्याच खुर्चीत खेळेन, कारण नवी यायला तोवर वेळ आहे.